लस आधी कोणाला द्यावी: वयाने मोठ्या माणसाला, कामावर जाणाऱ्याला की पैसे मोजणाऱ्याला?

तुम्ही विचारले आहे की कोरोनासारख्या साथीच्या काळात लस अपुरी असताना ती आधी वयस्करांना द्यावी की रोज बाहेर पडून काम करणाऱ्यांना, आणि २०२१ मध्ये ज्यांनी खासगी रुग्णालयात पैसे भरून ती लवकर घेतली त्यांचे काही चुकले का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण त्यावरून आमच्या घरात आजही वाद आहे. लस मोजकी असताना ती विक्रीला ठेवणे चूकच होते. घेणाऱ्यापेक्षा विकू देणाऱ्याची चूक मोठी, हे मला मान्य आहे. पण ‘मी माझ्या पैशाने घेतली, त्यात दुसऱ्याचे काय गेले’ असे जे म्हटले जाते ते खरे नाही, आणि का खरे नाही हे मला माझ्या थोरल्या भावाच्या निमित्ताने सांगायचे आहे.

आम्ही नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात राहतो, मूळ गाव साताऱ्याच्या माण तालुक्यातले. दादा माथाडी कामगार, म्हणजे ओझी वाहणारा हमाल. तुर्भ्याच्या बाजार समितीत, कांदा-बटाटा बाजारातल्या टोळीत तो अनेक वर्षे होता. सगळा देश घरात बसला होता तेव्हाही या बाजारात रात्री गाड्या लागत होत्या, कारण मुंबई-ठाण्याच्या स्वयंपाकघरात जाणारा कांदा इथूनच जातो. ५० किलोची गोणी दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायची, त्याने ती गाळ्यात नेऊन थप्पीला लावायची, आणि पहाटेपर्यंत हेच चालायचे. या कामात दोन माणसांमध्ये सहा फूट अंतर राहूच शकत नाही, आणि तोंडावर बांधलेला रुमाल अर्ध्या तासात घामाने चिंब होऊन नाकाला चिकटतो. मे २०२० मध्ये रुग्ण इतके वाढले की समितीच्या पाचही बाजारपेठा आठवडाभर बंद ठेवाव्या लागल्या. म्हणजे इथला धोका कोणाला ठाऊक नव्हता, असे कोणी म्हणू शकत नाही.

तरीही लसीकरणाचा क्रम ठरला तेव्हा ही माणसे त्यात कुठेच नव्हती. १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचारी, फेब्रुवारीपासून पोलीस, सफाई कामगार यांच्यासारखे आघाडीचे कर्मचारी, १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि व्याधी असलेले पंचेचाळिशीच्या पुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळीस पूर्ण झालेले सगळे. या यादीतल्या पहिल्या दोन गटांवर माझा काडीचाही आक्षेप नाही. पण अन्नधान्याचा पुरवठा ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून चालू ठेवायचा, त्यासाठी हमालांना प्रवासाची परवानगी द्यायची, आणि लसीची वेळ आली की त्यांना फक्त वयावर मोजायचे, हा कोणता न्याय होता? दादा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.

मार्चच्या अखेरीस तो आणि मी आईला लस द्यायला घेऊन गेलो. आईला हाताला धरून आणणे त्याच्याच्याने होते, म्हणून बाजारातून परस्पर, न झोपता तो आला होता. दिवस संपत आला होता. कोविशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा असतात आणि ती उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते, म्हणून तिथल्या सिस्टर शक्यतो माणसे जमल्याशिवाय नवी कुपी उघडत नव्हत्या. आमच्या वेळी त्यांनी उघडली, लेबलवर पेनने वेळ लिहिली, आईसकट आलेल्यांना लस दिली आणि थांबून राहिल्या. नंतर कोणी आले नाही. कुपीत काही मात्रा शिल्लक होत्या आणि दादा समोर उभा होता. मी विचारले, यांना देता येईल का, हे रोज बाजारात जातात. त्यांनी दादाचे वय विचारले आणि संगणकावर बसलेल्या मुलाकडे पाहिले. त्याने मान हलवली. कमी वयाचे नाव पोर्टल घेतच नव्हते. सिस्टर म्हणाल्या, “दादा, माझ्या हातात असतं तर आत्ता दिली असती.” उरलेली लस त्या दिवशी वाया गेली. त्या बाईंचा मला कधीच राग आला नाही. पात्र नसलेल्यांना लस दिल्याचा ठपका त्यांच्यावर आला असता आणि त्यांच्या बाजूने उभे राहायला कोणी आले नसते.

नियम इतके ताठर झाले त्याचे कारणही सांगायला हवे. आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत भलत्याच लोकांनी नावे घुसवली होती. ते लक्षात आल्यावर केंद्राने ३ एप्रिल २०२१ रोजी या गटांतली नवी नोंदणीच थांबवली. ओळखीच्या जोरावर जे आत शिरले ते लस घेऊन मोकळे झाले आणि दार लागले ते मागे राहिलेल्या खऱ्या कामगारांच्या तोंडावर. ‘एका माणसाने रांग मोडली तर काय बिघडते’ असे ज्यांना वाटते त्यांनी याचा विचार करावा.

मग मे महिना आला. १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली, पण उत्पादनाची वाटणी अशी ठरली की निम्मी लस केंद्राला आणि उरलेल्या निम्म्यात राज्ये व खासगी रुग्णालये. कोविशील्ड बनवणाऱ्या सीरमने राज्यांसाठी आधी ४०० आणि नंतर ३०० रुपये दर जाहीर केला, खासगी रुग्णालयांसाठी ६००. महाराष्ट्राला मिळणारी लस इतकी तुटपुंजी होती की पंचेचाळिशीपुढच्यांचे दुसरे डोसही अडले, आणि १२ मेपासून राज्याने १८ ते ४४ वयाचे सरकारी लसीकरण तात्पुरते थांबवले. खासगी रुग्णालयांत मात्र ते चालू राहिले. त्या काळात बेचाळीस वर्षांच्या माणसापुढे सरळ मार्ग एकच उरला होता, तो म्हणजे पैसे आणि कोविन या नोंदणीच्या पोर्टलवर झटपट चालणारी बोटे. सरकारी जागा चालू होत्या तेव्हाही दादाची अडचण होतीच: जागा बऱ्याचदा संध्याकाळी खुल्या व्हायच्या आणि रात्रपाळीच्या माणसाची ती झोपेची वेळ. मी त्याच्या नावाने बसायचो. ओटीपी येऊन तो भरेपर्यंत यादीतल्या सगळ्या जागा लाल झालेल्या असायच्या. शहापूर-मुरबाडकडची केंद्रे दिसायची आणि आमच्या इमारतीतले काही जण गाडी काढून तिकडे जाऊनही आले. तिथल्या पाड्यांवर ज्यांच्याकडे मोबाइलच नाही त्यांच्या वाट्याची ती लस होती. दादा म्हणाला, तिकडे जायचे नाही, आणि मला ते पटले.

मे संपता संपता दादा आजारी पडला. ऑक्सिजनवर होता, वाचला. परंतु फुप्फुसे पूर्वीसारखी राहिली नाहीत आणि गोणी पाठीवर घेतली की दम लागू लागला. टोळीची मजुरी सगळ्यांत वाटून घेतात. आपला भार दुसऱ्यांनी उचलायचा आणि पैसे मात्र सारखे घ्यायचे हे त्याला सहन होईना, म्हणून तो स्वतःहून टोळीतून बाहेर पडला. आता गाळ्यावर वजनांच्या नोंदी लिहितो.

त्याच दिवसांत आमच्या दाजींना, म्हणजे बहिणीच्या यजमानांना, त्यांच्या कंपनीने एका खासगी रुग्णालयामार्फत लस दिली. कंपनी ऐरोलीतली, कर्मचारी वर्षभर घरून काम करत होते. लस घेण्यासाठी म्हणून ते कित्येक महिन्यांनी कार्यालयात गेले. फाटकावर रांग लावून देणारा कंत्राटी सुरक्षारक्षक मात्र त्या यादीत नव्हता. हे दाजींनीच सहज सांगितले होते. त्यांचे म्हणणे तेव्हापासून एकच आहे की ज्याने पैसे भरले त्याने सरकारचा भार हलका केला, रांग तेवढी कमी झाली.

दाजी माणूस म्हणून उत्तम आहेत आणि दादाच्या आजारपणात त्यांनी पैशाने मदतही केली. पण हा मुद्दा चुकीचा आहे. लस मुबलक असती तर तो बरोबर ठरला असता. त्या महिन्यांत कारखान्यातून बाहेर पडणारी लस ठरावीक होती आणि तिचेच हिस्से पाडले होते. खासगी वाट्याला गेलेली मात्रा ही जादा मात्रा नव्हती. ती राज्याच्या वाट्यातून वजा झालेली होती. माणमध्ये उन्हाळ्यात वाडीवर एकच टँकर येतो, आणि त्यातले पाणी कोणी पैसे देऊन आधी आपल्या टाकीत सोडून घेतले तर वाडीची तहान भागवायला त्याने मदत केली असे कोणी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे २०२१ च्या आदेशात १८ ते ४४ वयोगटासाठीचे हे सशुल्क धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अतार्किक असल्याचे म्हटले होते, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी नोंदणी कशी करायची असेही विचारले होते. २१ जूनपासून केंद्राने राज्यांचा वाटाही स्वतः घेऊन सर्वांना मोफत लस सुरू केली. खासगीचे २५ टक्के तेव्हाही राहिलेच.

आता तुमचा पहिला प्रश्न. वय आधी की काम, याचे उत्तर जगात एकसारखे दिले गेले नाही. ब्रिटनने जवळपास पूर्णपणे वयाचा क्रम पाळला, कारण मृत्यूचा धोका वयाबरोबर वाढतो आणि वय तपासायला सोपे असते. इंडोनेशियाने जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात करून आधी १८ ते ५९ वयाच्या कामकरी लोकांकडे मोर्चा वळवला. त्यांच्याकडची लस वृद्धांवर पुरेशी तपासलेली नव्हती हेही त्याचे कारण होते. माझे मत असे की साठीच्या पुढची माणसे आधी, याबद्दल वाद नको. आईला लस दादाच्या आधी मिळाली हे योग्यच झाले. पण त्यानंतर पंचेचाळीस ते साठ या गटात घरी बसू शकणारा आणि बेचाळीस वर्षांचा हमाल यांच्यात मी हमालाला आधी बोलावले असते. त्याला स्वतःला धोका थोडा कमी असेल, पण तो रोज शेकडो माणसांत मिसळतो आणि घरी म्हाताऱ्या आईकडे परततो.

यावर ठरलेला आक्षेप असा असतो की वय आधार कार्डावर असते, काम कसे तपासणार? दाजीही हेच विचारतात. माथाडींच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्याखालच्या मंडळांकडे नोंदीत कामगारांची नावे असतात. मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी त्याच नोंदीवर मिळतो. यादी तयार होती, कोणी मागितली नाही. तेलंगणाने २८ मे २०२१ पासून गॅस सिलिंडर पोहोचवणारे, रेशन दुकानदार, पेट्रोल पंपावरचे कामगार, भाजीविक्रेते यांना वेगळे बोलावून लस दिलीच ना? पुढे इतर शहरांनीही अशी सत्रे घेतली. करायचे ठरवले की जमते.

काही गोष्टी मी मान्य करतो. दादाला लागण बाजारातच झाली हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि मेच्या सुरुवातीला एक डोस मिळाला असता तरी तो आजारी पडलाच नसता असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. टोचण्याचे काम खासगी रुग्णालयांनी करण्याला माझा विरोध नाही. मार्चमध्ये २५० रुपयांत ती सरकारच्याच लसीतून, ठरलेल्या वयाच्या लोकांना टोचत होती आणि ती व्यवस्था बरी होती. नोंदीत नसलेल्या कामगारांचे, म्हणजे नाक्यावरच्या मजुरांचे आणि घरकाम करणाऱ्या बायकांचे काय करायचे, हा अवघड प्रश्न उरतोच. दुसऱ्या राज्यातल्या कोणी तुम्हाला वेगळा अनुभव सांगितला तर तोही खरा असेल.

तुम्ही एखाद्या कंपनीत किंवा सोसायटीच्या समितीवर असाल आणि पुन्हा कधी अशी वेळ आली, तर शिबिराची यादी करताना फाटकावरचा रक्षक, जिना झाडणाऱ्या मावशी, कॅन्टीनमधली पोरे यांची नावे वरती लिहा आणि त्यांचे पैसे समितीने भरावेत असा ठराव आधी मंजूर करून घ्या. दाजींना मी हेच सांगत आलो आहे. गेल्या गणपतीत ते म्हणाले की कंत्राटी माणसांची जबाबदारी कंत्राटदाराची असते. मी म्हणालो, त्या दिवशी तुमची रांग कंत्राटदाराने लावली होती का?