शब्दांची वही बाजूला ठेव, उतारा हातात घे

‘सर, मी सिव्हिल इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष नुकतंच संपवलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, तेही गावच्या शाळेत. यंदा नोव्हेंबरमध्ये कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीएची प्रवेश परीक्षा, देणार आहे. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, गणिताला ९५, डीआयएलआरला (तक्ते आणि तर्काचे प्रश्न) ९०च्या वर पर्सेंटाइल येतात. इंग्रजीत मात्र ५०च्या आसपास अडकले आहे. मागच्या मॉकमध्ये २४ पैकी २२ प्रश्न सोडवले, त्यातले ८ बरोबर आले. चुकलेल्या १४ पैकी ३ पर्याय नसलेले, उत्तर टाइप करायचे होते, बाकी पर्यायांचे. रोज ३० नवे शब्द पाठ करते, वहीत १८०० झाले, तरी फरक नाही. दोन पर्यायांवर येऊन थांबते आणि हमखास चुकीचा निवडते. बाबा म्हणतात, स्पीकिंगचा क्लास लाव. मैत्रीण म्हणते, कॅट सोड, महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीवर लक्ष दे. मी काय करू?’

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे त्याचा सारांश दिला. ते चार पानी पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. बाबांचं म्हणणं तू मांडलंस, मग ‘पण’ म्हणून स्वतःची शंका मांडलीस, मग ‘तरीही’ म्हणून त्यांच्या बोलण्यातलं खरं काय तेही कबूल केलंस. जिला असा युक्तिवाद लिहिता येतो, तिला तो वाचताही येतो. कॅटच्या इंग्रजीत नेमकं हेच तपासतात. तू कमी पडतेस ती वाचण्याच्या पद्धतीत, आणि पद्धत पाच महिन्यांत बदलता येते.

आधी शब्दांच्या वहीबद्दल बोलतो. १८०० शब्द लिहिणं ही मेहनत आहे आणि मी ती हलकी लेखत नाही. पण सुट्या शब्दार्थाचे किंवा व्याकरणाचे प्रश्न कॅटमध्ये गेली कित्येक वर्षं येत नाहीत. हल्लीच्या स्वरूपात या विभागात २४ प्रश्न, ४० मिनिटं. त्यातले १६ प्रश्न चार उताऱ्यांवर, प्रत्येकी चार. उरलेले आठ परिच्छेदांवरचे असतात: वाक्यांचा क्रम लावा, न बसणारं वाक्य शोधा, सारांश निवडा, वाक्य कुठे बसेल ते सांगा. शब्द अडला तरी आजूबाजूच्या वाक्यांवरून अंदाज येतो. लेखक कुठल्या बाजूला उभा आहे हेच हुकलं, तर एका उताऱ्याचे चारही प्रश्न हातचे जातात. म्हणून वही आजपासून बंद. नवा शब्द वाचताना भेटला तर ज्या वाक्यात भेटला ते वाक्यच लिहून ठेव, तेवढं पुरे.

आता तुझा वेळ कुठे जातो ते सांगतो. तू लिहिलंयस, ‘प्रत्येक वाक्य दोनदा वाचावं लागतं.’ आपल्यापैकी जवळपास सगळ्यांचं हे होतं. मीही मराठी माध्यमातला, माझंही होत होतं. याचं कारण दोन भाषांच्या रचनेत आहे. हे वाक्य बघ: ‘द कॅनल दॅट द इंजिनिअर्स बिल्ट टू सेव्ह द ड्राय व्हिलेजेस ड्राउन्ड देअर फील्ड्स.’ मराठीत आपण म्हणू, ‘कोरडी गावं वाचवण्यासाठी इंजिनिअरांनी बांधलेल्या कालव्याने त्यांचीच शेतं बुडवली.’ दोन्ही वाक्यांचा क्रम ताडून पाहा. इंग्रजीत कालवा सगळ्यात आधी येतो, मग तो कुणी बांधला, मग कशासाठी. मराठीत ‘कशासाठी’ आधी, मग ‘कुणी’, मग कालवा. तू मनातल्या मनात भाषांतर करतेस, म्हणून वाक्याच्या मध्यापर्यंत जाऊन मागे फिरतेस आणि पुन्हा पुढे येतेस. एका वाक्याला दोन फेऱ्या, मग पाचशे शब्दांच्या उताऱ्याला किती होत असतील? त्यात वेळ तर जातोच, आणि फिरता फिरता आधीच्या परिच्छेदात लेखक काय म्हणाला तेही निसटतं.

यावर उपाय म्हणजे भाषांतर थांबवायचं आणि वाक्य आहे त्याच क्रमाने तुकड्या-तुकड्याने घ्यायचं. कालवा. इंजिनिअरांनी बांधलेला. कोरडी गावं वाचवायला. बुडवली. त्यांचीच शेतं. मराठी म्हणून हे ओबडधोबड आहे, असू दे. अर्थ पोचला आणि मागे फिरावं लागलं नाही. पहिले पंधरा दिवस पेन्सिल घेऊन रोज एका इंग्रजी लेखाच्या दोन परिच्छेदांत असा प्रत्येक तुकडा संपेल तिथे तिरकी रेघ मार आणि रेघेगणिक पुढे सरक. नंतर रेघांची गरज उरत नाही, डोळ्यांनाच सवय होते. पहिला आठवडा फार संथ जाईल, चिडचिडही होईल. तेव्हा सोडू नकोस.

दुसरी अडचण त्याहून बारीक आहे, म्हणून ती कुणी सांगत नाही. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत. शाळेत आपण ते रिकाम्या जागा भरायला शिकलो आणि वाचताना त्यांच्यावरून उडी मारायची सवय लागली. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ते रस्ता दाखवतात. क्रम लावायच्या प्रश्नात एका वाक्यात ‘अ सर्व्हे’ असेल आणि दुसऱ्यात ‘द सर्व्हे’, तर बहुतेक वेळा ‘अ’वालं वाक्य आधी, कारण तिथे त्या सर्व्हेची पहिली ओळख होते. ‘दिस’, ‘सच’, ‘दीज’ यांनी सुरू होणाऱ्या वाक्याला मागे कुणाचा तरी आधार लागतोच. तो आधार कुठल्या वाक्यात आहे ते शोधलं की दोन वाक्यांची जोडी पक्की होते आणि प्रश्न निम्मा सुटतो.

‘अ’ गाळल्याने अर्थ कसा उलटतो तेही बघ. ‘देअर इज अ लिटल एव्हिडन्स’ म्हणजे थोडासा पुरावा आहे. ‘देअर इज लिटल एव्हिडन्स’ म्हणजे पुरावा जवळजवळ नाहीच. पहिला लेखक बाजूने बोलतोय, दुसरा विरोधात. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’चंही तसंच. ‘हार्डली’ दिसलं की वाक्य नकारार्थी समज. ‘अर्ग्युएब्ली’ हा शब्द आपली मुलं हटकून ‘वादग्रस्तपणे’ असा घेतात. लेखकाला तिथे ‘असं म्हणायला हरकत नाही’ म्हणायचं असतं, म्हणजे तो त्या मताच्या जवळ उभा असतो. आणि ‘हाउएव्हर’, ‘यट’, ‘ऑलदो’ यांच्यापाशी थांबायचंच. ‘ऑलदो’नंतर लेखक आधी समोरच्याचं म्हणणं मान्य करतो, त्याचं स्वतःचं म्हणणं स्वल्पविरामानंतर येतं. मॉकमधले तुझे चुकलेले प्रश्न काढून बघ, त्यातले काही तरी समोरच्याचं मत लेखकाच्या तोंडी घातल्यामुळे चुकलेले असतील.

आता ते ‘दोन पर्यायांत अडकते’ प्रकरण. समज, उतारा संग्रहालयांवर आहे. लेखक म्हणतो, एखादी पूजेची मूर्ती काचेच्या कपाटात गेली की ती झिजत नाही, फुटत नाही, पण तिला हळदकुंकू लागणंही थांबतं. म्हणजे वस्तू टिकते आणि तिच्या अर्थाचा काही भाग हरवतो. प्रश्न विचारलाय, लेखकाचं मुख्य म्हणणं काय? पहिला पर्याय: संग्रहालयं संस्कृती नष्ट करतात. दुसरा: संग्रहालयात वस्तू जपली जाते, पण वापरातून येणारा तिचा अर्थ कमी होतो. तिसरा: अशा मूर्ती त्या त्या गावाला परत द्यायला हव्यात. चौथा पर्याय सहसा उताऱ्याशी संबंध नसलेला असतो, तो आपण लगेच खोडतो. पहिल्यात ‘नष्ट’ हा शब्द लेखकापेक्षा मोठा आवाज करतो, तोही जातो. राहिले दुसरा आणि तिसरा. इथे आपली मुलं तिसरा निवडतात, कारण तो पटतो. आपल्या गावची मूर्ती दूरच्या शहरात का असावी, असं आपल्यालाही वाटतं. लेखकाने मात्र परत देण्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

डीआयएलआरचा सेट सोडवताना तू असं कधी करत नाहीस. टेबलात नसलेला आकडा ‘असायला हवा’ म्हणून तू लिहिशील का? नाही, म्हणूनच तिथे तुला ९०च्या वर मिळतात. तोच कडकपणा उताऱ्याला लाव. दोन पर्याय उरले की प्रत्येकासाठी उताऱ्यातली ओळ शोध. बोट ठेवता आलं तर ठेव, नाही आलं तर तो पर्याय कितीही शहाणा वाटो, खोड. सराव करताना उत्तरापुढे ती ओळ लिहिल्याशिवाय उत्तर तपासायचंच नाही, असा नियम कर.

वाचायचं काय, हाही प्रश्न तू विचारलायस. पहिले आठ-दहा दिवस, रेघा मारायचे ते दोन परिच्छेद सोडले तर, मराठीच वाच. वैचारिक लेख घे, अग्रलेख घे, आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक ओळ लिही: या परिच्छेदात लेखकाने काय केलं? उदाहरण दिलं, शंका घेतली, की आधीचं मत खोडलं? काय सांगितलं यापेक्षा काय केलं, हे बघायचं. हे कसब भाषेचं नाही, आणि आपल्या भाषेत ते लवकर बसतं. मग त्याच डोळ्यांनी इंग्रजीकडे वळ. इतिहास, पर्यावरण, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, कला या विषयांवरचे लांब लेख घे. ‘एऑन’ नावाचं नियतकालिक नेटवर फुकट वाचता येतं आणि कॅटचे काही उतारे तिथल्या लेखांतून आलेले आहेत. पहिले काही लेख डोक्यावरून जातील, विशेषतः तत्त्वज्ञानाचे. तू सिव्हिलची, म्हणून शहरं, नद्या, बांधकामाचा इतिहास अशा लेखांनी सुरुवात कर आणि अनोळखी विषयांकडे नंतर जा. रोज एक लेख आणि त्याखाली चार ओळींचा सारांश, हवा तर मराठीत. ऑगस्टपासून मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतले उतारे. क्लासच्या मॉकपेक्षा मला ते जास्त भरवशाचे वाटतात, कारण त्यांतले पर्याय फार जपून रचलेले असतात.

गुणांचं गणित तुझ्यापेक्षा मी काय सांगणार, तरी एकदा कागदावर मांडू. बरोबर उत्तराला ३, चुकीच्या पर्यायाला वजा १, आणि टाइप करायच्या प्रश्नाला चुकलं तरी काही कापत नाहीत. तुझे ८ बरोबर म्हणजे २४, चुकलेले पर्यायांचे ११ म्हणजे वजा ११, हाती आले १३. आता असं कर. चारही उतारे मिनिटभर चाळ, त्यातला सगळ्यात अवघड बाजूला ठेव. उरलेल्या तिघांना प्रत्येकी नऊ मिनिटं दे, म्हणजे २७ झाली. राहिलेल्या बारा मिनिटांत आठ सुटे प्रश्न. उताऱ्यांच्या १२ पैकी ८ बरोबर आणि ४ चूक धरले तरी २० होतात. सुट्यांपैकी ४ बरोबर आणि पर्यायांचे २ चूक, त्याचे १०. एकूण ३०, म्हणजे आजच्या दुपटीहून जास्त, आणि एक अख्खा उतारा न वाचता. टाइप करायचा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून टिचकी मारलीस तर सरासरी हिशेब शून्यावर येतो, पण दोन पर्याय खात्रीने खोडले असतील तर उरलेल्या दोनांतून एक निवडणं फायद्याचंच असतं. तेव्हा घाबरून सोडून देऊ नकोस.

एक लक्षात ठेव, पेपरमध्ये हा विभाग सगळ्यात आधी येतो आणि ४० मिनिटं संपली की त्यात परत जाता येत नाही. त्यामुळे तो बिघडला की मन पुढच्या दोन विभागांत खट्टू राहतं. शिवाय बहुतेक आयआयएम एकूण पर्सेंटाइलबरोबर प्रत्येक विभागाचाही किमान पर्सेंटाइल मागतात. गणिताच्या जोरावर इंग्रजी झाकून नेता येईल, ही आशा म्हणूनच ठेवू नकोस.

बाबांना सांग, स्पीकिंगचा क्लास वाईट नाही, पण त्याची वेळ आत्ता नाही. कॅटनंतर मुलाखतीचं बोलावणं आलं की दोन महिने बोलण्याचाच सराव करायचा आहे, तेव्हा त्यांचं म्हणणं अगदी बरोबर ठरेल. बोलणं सुधारलं म्हणून उतारा सुटत नाही, एवढंच.

आणि सीईटीसाठी कॅट सोडायची गरज नाही. सीईटीत गेल्या काही वर्षांच्या स्वरूपात २०० पैकी ५० प्रश्न इंग्रजीचे असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत. तिथे व्याकरणाचे आणि शब्दार्थाचे प्रश्नही येतात, तेव्हा तुझी १८०० शब्दांची वही वाया गेलेली नाही, ती डिसेंबरनंतर उघड. मुंबईतल्या जमनालाल बजाजसारख्या व्यवस्थापन संस्थेचं दार सीईटीतून उघडतं, म्हणून ती परीक्षा दुय्यम समजू नकोस. कॅटसाठी केलेलं वाचन तिला पुरून उरेल. उलटं मात्र होत नाही.

मागच्या मॉकची प्रश्नपत्रिका तुझ्याकडे अजून असेलच. त्यातला ज्या उताऱ्याचे सगळ्यात जास्त प्रश्न चुकले तो घे, घड्याळ न लावता तिरक्या रेघा मारत वाच, आणि प्रत्येक बरोबर उत्तरासमोर उताऱ्यातली ओळ लिही. ज्या उत्तराची ओळ सापडणार नाही, त्या प्रश्नाचा आणि उताऱ्याचा फोटो मला पाठव, आपण तो दोघं मिळून बघू.