एचबीएसएजी निगेटिव्ह, तरी हिपॅटायटिस बीची गोळी कशासाठी?

प्रश्न: वडिलांना लिम्फोमा (रक्तपेशींचा एक कर्करोग) आहे. एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणाचे प्रथिन) निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आले. रिटुक्सिमॅब हे कर्करोगाचे औषध देण्याआधी डॉक्टर एन्टेकाविर ही हिपॅटायटिस बीची गोळी सुरू करा म्हणतात. कावीळ नसताना हे औषध का?

उत्तर: टोटल अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह म्हणजे या विषाणूची लागण पूर्वी कधीतरी होऊन गेली आहे. विषाणू रक्तात दिसेनासा झाला, तरी त्याचा वर्तुळाकार डीएनए यकृताच्या पेशींत वर्षानुवर्षे टिकतो. रोगप्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. रिटुक्सिमॅब अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशीच नष्ट करते आणि तो दाब सुटतो. मग विषाणू उसळतो, यकृत निकामी होऊन रुग्ण दगावूही शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये या औषधावरची धोक्याची सूचना अधिक कडक केली.

एन्टेकाविरची गोळी रिटुक्सिमॅबच्या पहिल्या डोसाआधी, फार तर त्याच्यासोबत सुरू व्हावी. नेहमीची मात्रा रोज 0.5 मिलीग्रॅम. ती रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणानंतर 2 तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी 2 तास घ्यायची. मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्रा कमी करावी लागते. गोळी सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. तो संसर्ग असताना एकटे एन्टेकाविर दिल्यास एचआयव्ही औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. नुकतेच इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी) दिले असेल, तर अँटी-एचबीसी दात्याकडून आलेले असू शकते. त्यामुळे ही तपासणी इम्युनोग्लोब्युलिन देण्याआधीच करावी.

प्रश्न: केमोथेरपीनंतर पतीचे एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) वाढले. रक्तात एचबीव्ही (हिपॅटायटिस बी विषाणू) डीएनए भरपूर सापडला, पण एचबीएसएजी अजून निगेटिव्हच आहे. लॅबची चूक असेल का?

उत्तर: चूक असू शकते, पण तेवढ्यावर थांबू नका. हा विषाणू आरएनएवरून डीएनए बनवतो आणि त्याच्या पॉलिमरेज या एन्झाइमला नकलेतल्या चुका दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून बदललेले विषाणू सतत तयार होतात. एचबीएसएजीच्या 124 ते 147 या अमिनो आम्लांच्या भागावर अँटिबॉडी चिकटतात आणि बहुतेक तपासणी-किटही तोच भाग ओळखतात. तिथे बदल झाला, उदाहरणार्थ 145व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनिन आले, तर अँटिबॉडी आणि किट दोघांनाही विषाणू चकवू शकतो. काही उत्परिवर्तनांत (जनुकातल्या बदलांत) हे प्रथिन अर्धवटच बनते, पेशीबाहेर पडत नाही आणि रक्तात सापडत नाही.

रक्ताच्या कर्करोगात हे महत्त्वाचे, कारण प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यावर विषाणू मोकळेपणाने वाढतो आणि उरलेल्या थोड्या अँटिबॉडींना चुकवणारे प्रकार वरचढ ठरतात. दुसऱ्या कंपनीच्या किटवर एचबीएसएजी पुन्हा करा, शक्य असल्यास सीक्वेन्सिंगही (विषाणूच्या जनुकांचा क्रम वाचणे). मात्र अशा रुग्णात डीएनए सापडल्यावर उपचार त्याच दिवशी सुरू व्हावेत, सीक्वेन्सिंगचा अहवाल येईपर्यंत थांबणे धोक्याचे आहे.

प्रश्न: एन्टेकाविरऐवजी लॅमिव्ह्युडिन हे जुने औषध चालेल का?

उत्तर: दीर्घकाळ प्रतिबंध हवा असताना आम्ही ते सुचवत नाही. पॉलिमरेजमधल्या 204व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल बदलले की ते निष्प्रभ ठरते. शिवाय पॉलिमरेज आणि एचबीएसएजी यांची जनुके एकमेकांवर चढलेली असल्यामुळे औषधाला न जुमानणारा एकच बदल एचबीएसएजीही बदलू शकतो. पूर्वी लॅमिव्ह्युडिन घेतले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा वेळी एन्टेकाविरलाही विरोध लवकर तयार होतो, म्हणून टेनोफोविर हे दुसरे औषध निवडतात.

प्रश्न: असा बदललेला विषाणू घरच्यांना लस घेऊनही होईल का?

उत्तर: अशी उदाहरणे आहेत, पण फारच थोडी. घरच्यांनी तपासणी करून 0, 1 आणि 6 महिन्यांचे डोस जरूर पूर्ण करावेत.

प्रश्न: केमोथेरपी संपली, आता गोळी बंद करू का?

उत्तर: स्वतःहून नाही. रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसानंतर किमान 12, शक्यतो 18 महिने ती चालू ठेवतात. बंद केल्यानंतरही पुढचे 12 महिने दर 1 ते 3 महिन्यांनी एसजीपीटी आणि एचबीव्ही डीएनए तपासावे. विषाणू पुन्हा उसळण्याच्या बऱ्याच घटना गोळी थांबवल्यानंतरच घडतात, आणि डीएनए सहसा एसजीपीटीच्या आधी वाढतो.