आधी स्टोअर ठरवा, मग लॅब: कोकणातल्या सायन्स बिल्डिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, आमचं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात खाडीजवळच्या गावात आहे. संस्था सायन्ससाठी नवी दुमजली बिल्डिंग बांधतेय. आर्किटेक्टनी पाठवलेल्या नकाशात केमिस्ट्री, फिजिक्स आणि बायोलॉजीच्या लॅब चांगल्या ऐसपैस आहेत, पण स्टोअर म्हणून जिन्याखालची खोली दाखवलीय आणि तयारीची खोली तर नाहीच. प्रॅक्टिकलची बॅच २० मुलांची असते. नकाशा अजून मंजुरीला गेलेला नाही, तर काय काय बदल सुचवू? — केमिस्ट्री विभागप्रमुख

उत्तर: मंजुरीच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत, कारण एकदा स्लॅब पडला की मग नुसती कपाटं इकडची तिकडे करणं एवढंच हातात उरतं. सगळ्यात आधी ती जिन्याखालची खोली रद्द करा, आणि यात तडजोड करू नका. आग लागली तर वरच्या मजल्यावरची सगळी मुलं ज्या जिन्याने खाली येणार त्याच जिन्याच्या पोटात तुम्ही ॲसिटोन, स्पिरिट, ईथर ठेवणार, म्हणजे आग लागायची जागा आणि पळायची वाट एकच झाली. संस्थेच्या मीटिंगमध्ये एवढं एक वाक्य बोललात तरी पुरे, दुसरं कारण द्यावं लागणार नाही.

आपल्याकडे जुनं घर बांधताना कोठीची खोली कुठे हे आधी ठरायचं, ओल कुठून येते, ऊन कुठलं लागतं हे बघून, आणि मग बाकीचं घर तिच्याभोवती बसायचं. सायन्स बिल्डिंगचंही तसंच करा. नकाशावर पहिल्यांदा स्टोअर आणि तयारीची खोली काढा, लॅब नंतर. तिन्ही लॅबच्या एकूण जागेच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी जागा या दोन्हींसाठी मिळून मागा, थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण मागताना कमी मागू नका. तयारीची खोली दोन लॅबच्या मधे हवी, दोन्हीकडे दार, म्हणजे लॅब असिस्टंटला रिएजंटचे ट्रे घेऊन मुलांच्या गर्दीतून कॉरिडॉरने फिरावं लागत नाही. बाटल्या फुटतात त्या बहुतेक अशा ने-आणीतच फुटतात.

स्टोअर कुठल्या बाजूला हा कोकणात अगदी कळीचा प्रश्न आहे. पश्चिमेची आणि नैऋत्येची भिंत चार महिने पावसाची झड खाते आणि बाकीचे महिने दुपारचं ऊन, त्यामुळे स्टोअर पूर्वेला नाहीतर उत्तरेला घ्या, आणि पश्चिमेकडे ज्या खोल्या येतील त्यांना खोल छज्जे किंवा पडवी मागून घ्या, त्यावर पैसे वाचवू नका. डायएथिल ईथर साधारण ३५ अंशाला उकळतं, मे महिन्यात आपल्याकडे बंद खोलीत तेवढं तापमान सहज होतं, म्हणजे पश्चिमेच्या खोलीत बाटलीचं झाकण जरा जरी सैल असेल तर ईथर हवेत जाणारच. ज्वालाग्राही द्रावकांसाठी वेगळी छोटी खोली घ्या, तिचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, लाइटचं बटण दाराबाहेर आणि आतला दिवा फ्लेमप्रूफ, म्हणजे त्यातल्या ठिणगीने बाहेरच्या वाफा न पेटवणारा. या वाफा हवेपेक्षा जड, खाली बसतात, म्हणून वरच्या एक्झॉस्टवर थांबू नका, जमिनीलगतही झरोका हवा, त्याला बारीक जाळी मात्र नक्की लावा, नाहीतर पावसाळ्यात साप-बेडूक आतच मुक्काम करतील.

स्टोअर तळमजल्यावर की वर? जड बाटल्या वर चढवू नयेत म्हणून सगळे तळमजला सांगतात आणि एरवी ते बरोबरही आहे. पण तुम्ही खाडीकाठी आहात. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं ते तुमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. स्टोअरमध्ये सोडियम असतो, तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला असतो, पाणी लागलं तर पेटतो. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागलं तर ॲसिटिलीन वायू सुटतो. तेव्हा गावातल्या जुन्या माणसांना विचारून पुराची सगळ्यात वरची खूण कुठे ते जोत्यावर आखून घ्या, आणि ती खूण तळमजल्याच्या फरशीच्या वर जात असेल तर स्टोअर पहिल्या मजल्यावर न्या, सामान चढवायला छोटी लिफ्ट मागा.

केमिस्ट्रीची लॅब वरच्या मजल्यावर असली तर फ्यूम हूडची, म्हणजे विषारी वायू ओढून घेणाऱ्या बंदिस्त ओट्याची, चिमणी सरळ छपरावर काढता येते. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, उन्हाळ्यातही दुपारी समुद्राकडूनच येतो, म्हणून ही लॅब बिल्डिंगच्या पूर्व टोकाला असली तर धूर वर्गांवर येत नाही. हिवाळ्यात पहाटे वारा उलटा फिरतो, त्यासाठी चिमणी छपराच्या चांगली वर न्या. हूड दाराजवळ किंवा पंख्याखाली ठेवू नका, हूडच्या तोंडाशी हवा साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद एवढ्याच वेगाने आत ओढली जाते, पंख्याचा झोत तो ओघ मोडतो आणि वायू मुलाच्या तोंडावर येतो.

आता ओटे. कोकणात घरोघरी कडप्पा असतो, स्वस्त पडतो, कॉन्ट्रॅक्टर तोच सुचवणार, पण कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, कोटाही तसाच. तुकडा मागवून घ्या आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका, थेंबाच्या कडेने बारीक फेस चढतो आणि पुसल्यावर तिथली झिलई गेलेली दिसते. हाच थेंब ग्रॅनाइटवर टाकला तर काही होत नाही. केमिस्ट्रीला ग्रॅनाइटच घ्या, फिजिक्सला कडप्पा चालेल. २० मुलांना प्रत्येकी चार फूट ओटा धरा, पाठीला पाठ लागणाऱ्या दोन रांगांमधे पाच फूट वाट, आणि दोन दारं, दोन्ही बाहेर उघडणारी. एक ओटा बुटका, त्याखाली मोकळी जागा असलेला ठेवा, व्हीलचेअरवरचं मूल येईल तेव्हा त्याला प्रॅक्टिकल नुसतं बघत बसावं लागू नये. बायोलॉजीत डिसेक्शनसाठी, म्हणजे प्राण्यांच्या चिरफाडीसाठी, जादा सिंक आणि ट्रे धरले असतील तर ते कमी करा, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१४ मध्येच ते थांबवायला सांगितलंय, ती जागा मायक्रोस्कोपच्या कपाटांना द्या.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. अंगावर ॲसिड सांडलं तर शॉवरखाली पंधरा मिनिटं धुवायचं असतं आणि सुरक्षा शॉवर मिनिटाला साधारण ७५ लिटर पाणी घेतो, म्हणजे एका माणसाला ११०० लिटरच्या वर. आपल्याकडे वादळी पावसात लाइट गेली की पंप बंद आणि मे महिन्यात टाकी कोरडी, म्हणून शॉवर आणि डोळे धुवायच्या नळाला छपरावर वेगळी टाकी द्या, उताराने पाणी येणारी, आणि त्या टाकीतून दुसरीकडे एक नळसुद्धा काढू देऊ नका. शॉवर कुठल्याही ओट्यापासून दहा सेकंदांत गाठता यायला हवा. डिस्टिल्ड वॉटरच्या प्लांटचं थंडावा देणारं पाणीही गटारात सोडू नका, टाकीत फिरवून घ्या.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची, आणि मला जास्त काळजी हिचीच आहे. आपल्याकडे जमिनीत जांभा, आणि तो सच्छिद्र दगड. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल लॅबच्या सिंकला शोषखड्डा काढून देतो, पाणी झटकन जिरतं. जिरतं ना, आणि जिरून जातं कुठे तर खालच्या वाडीच्या विहिरीत. लॅबचं पाणी आधी पक्क्या, ॲसिड न खाणाऱ्या टाकीत उदासीन करून मगच पुढे जाऊ द्या. जड धातूंची द्रावणं आणि सॉल्व्हंट तर सिंकमध्ये ओतायचीच नाहीत, त्यांचे वेगळे कॅन आणि ते कॅन ठेवायला स्टोअरमध्ये एक कोपरा आत्ताच नकाशावर आखून ठेवा.

गॅसचे सिलिंडर बिल्डिंगबाहेर, जाळीच्या खोपट्यात. एलपीजीही जड, त्यामुळे आसपास खड्डा किंवा उघडं गटार नको.

प्रश्न: मॅडम, मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. स्टॉक तपासायला आलेले लोक म्हणतात केमिकल एबीसीडी प्रमाणे लावा, सापडायला सोपी जातात. लोखंडी कपाटं गंजून पत्रा सुटायला आलाय आणि बाटल्यांवर पांढरी पूड बसते. काही बाटल्या मी नोकरीला लागायच्या आधीच्या आहेत. काय करू?

उत्तर: दादा, एबीसीडी स्टॉक बुकात ठेवा, कपाटात नको. अक्षरांच्या क्रमाने लावलं तर ॲल्युमिनियमची पावडर आणि अमोनियम नायट्रेट एका फळीवर येतात, आणि या दोघांचं मिश्रण स्फोटक असतं. कपाटाला नंबर, फळीला नंबर द्या आणि स्टॉक बुकात एक रकाना वाढवा, तपासणाऱ्याला बाटली तेवढ्याच वेळात सापडेल.

लावताना गट करा. ॲसिड वेगळी, अल्कली वेगळे, ऑक्सिडायझर (दुसऱ्या पदार्थांची आग भडकवणारे) वेगळे, ज्वालाग्राही वेगळे. नायट्रिक ॲसिड बाकीच्या ॲसिडांपासूनही लांब, एकटं. ग्लेशियल ॲसेटिक नावाने ॲसिड असलं तरी ते पेटतं, म्हणून ते ज्वालाग्राहींकडे, नायट्रिकच्या शेजारी कधीच नाही. अडीच लिटरच्या बाटल्या सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, ट्रे एवढा खोल की एक बाटली फुटली तर सगळं त्यातच राहील. डोळ्याच्या वर द्रव पदार्थ ठेवूच नका आणि फळीला पुढून दोन बोटं उंच पट्टी मारून घ्या.

ती पांढरी पूड बहुतेक अमोनियम क्लोराइड आहे. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिकच्या बाटल्या एका कपाटात असल्या की झाकणातून निसटलेल्या वाफा हवेत भेटतात आणि ती पूड बनून सगळ्यावर बसते. दोन्ही वेगळ्या कपाटात ठेवलेत की बंद होईल. गंजायचं कारण मात्र दुहेरी, आतून ॲसिडच्या वाफा आणि बाहेरून खारी हवा, त्यामुळे नवं लोखंडी कपाट आणलंत तरी तीच गत. ॲसिडसाठी प्लास्टिकचं नाहीतर चांगल्या मरीन प्लायचं कपाट मागा, भिंतीपासून चार बोटं सुटं आणि जमिनीवरून उचललेलं, वाळवीसाठी आणि ओलीसाठीही. बिजागऱ्या, स्क्रू स्टेनलेसचे घेतले तर ३१६ प्रतीचे घ्या, समुद्राकाठी ३०४ वर डाग पडतात.

पावसाळ्यात फेरिक क्लोराइडच्या बाटलीकडे बघा, पिवळट तपकिरी खडे सुटून चिकट पाणी होतं, ते झाकणाखालून ओघळतं आणि लेबल सोडवतं. असे पाणी ओढणारे पदार्थ, म्हणजे कॉस्टिक सोडा, कॅल्शियम क्लोराइड, झिंक क्लोराइड, यांच्या बाटल्या सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा. निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड तर दमट हवेत धूरच सोडतं. लेबलं पेन्सिलने लिहा, वरून पारदर्शक पट्टी चिकटवा, नाहीतर शाई उतरते आणि कागदाला कसर लागते. बाटली आली ती तारीख आणि उघडली ती तारीख, दोन्ही लेबलवर.

जुन्या बाटल्यांबद्दल मात्र नीट ऐका. ईथरच्या जुन्या बाटलीच्या झाकणाशी खडे दिसले किंवा पिक्रिक ॲसिड वाळून कोरडं पडलेलं दिसलं तर हात लावू नका, झाकण फिरवून बघू नका, बाटली हलवूही नका. नुसत्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. खोलीला कुलूप लावा, प्रिन्सिपॉलना लेखी कळवा आणि या कामातले जाणकार येईपर्यंत खोली उघडू नका. कोणी म्हणालं की टाकून दे रे मागे बांधावर, तर साफ नाही म्हणा. हे तुमचं एकट्याचं काम नाही, तसं ते तुमच्यावर ढकलूही देऊ नका.

प्रश्न: आमच्या फिजिक्स लॅबमध्ये दर पावसाळ्यात लेन्स आणि प्रिझमवर बुरशी येते. पूर्वी कपाटात ४० वॉटचा बल्ब लावून ठेवायचो, आता बल्ब एलईडी आहेत. नव्या इमारतीत यासाठी काय मागावं? — श्रीवर्धनहून एक शिक्षिका

उत्तर: जुना बल्ब उष्णता द्यायचा म्हणून कपाट कोरडं राहायचं, एलईडीने ते काम होत नाही, आणि लाकडी कपाटात तापलेला बल्ब रात्रंदिवस ठेवणं मला तेव्हाही धोक्याचंच वाटायचं. नव्या इमारतीत बाहेरची भिंत नसलेली, मधली एक छोटी खोली मागा, घट्ट दार, आत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढून घेणारं यंत्र) आणि त्याच्या पाण्याला बाहेर पाइप. वरचा मजला पत्र्याचा असणार असेल तर ही खोली वर घेऊ नका, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात पत्रे कसे उडाले ते तुमच्या श्रीवर्धनने सगळ्यात जवळून बघितलंय. नुसत्या एसीवर विसंबू नका, शनिवार-रविवारसाठी बंद केला की दमट हवा आत येऊन गार काचेवर दव धरतं.

खोली होईपर्यंत रबरी कड असलेले हवाबंद डबे, त्यात सिलिका जेल आणि एक साधं हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशाला तापवून परत वापरता येतं. कंपनीच्या चामडी आणि मखमली पेट्यांमधून लेन्स काढून घ्या, त्या पेट्याच ओल धरून ठेवतात. आणि हे सगळं मे महिन्यातच उरका, पाऊस सुरू झाल्यावर डबे भरलेत तर ओल आतच कोंडली जाते.