पँटची कंबर का वाढली?

प्रश्न: वय ३८. आधी फिल्डवर असायचो, प्रमोशन झालं तेव्हापासून दिवसभर खुर्चीत. खाणं होतं तेवढंच आहे, उलट रविवारी जिममध्ये दोन तास घाम गाळतो, तरी सगळ्या पँट्स कमरेत आवळायला लागल्यात. मित्र म्हणतात पस्तिशीनंतर मेटाबॉलिझम स्लो होतो, काही इलाज नाही. खरंय का?

उत्तर: मित्रांना सांगा, वयावर खापर फोडायची सोय गेली. २०२१ मध्ये हर्मन पॉन्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला, त्यात शरीराचं आकारमान हिशोबात धरलं तर विशीपासून साठीपर्यंत कॅलरीजचा खर्च साधारण तेवढाच राहतो असं दिसलं. खाणं तेवढंच आहे हे मी मान्य करतो (घरचे करतील का माहीत नाही), पण फिल्डवर जे चढणं-उतरणं, उभं राहणं, चार पावलं इकडे चार तिकडे चालायचं ते सगळं बंद झालं ना, आणि त्याची नोंद तुम्ही कधीच ठेवली नव्हती त्यामुळे ते गेलेलंही कळलं नाही.

कमरेचा विषय निघालाच आहे तर लंडनच्या बसवाल्यांची गोष्ट ऐका. १९५० च्या दशकात जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी बघितलं की डबलडेकरमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हार्टचा त्रास ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो, मग १९५६ मध्ये त्यांनी चक्क युनिफॉर्मची मापं काढली आणि ड्रायव्हरांच्या पँटची कंबर मोठी निघाली! आता आधीच जाड असलेली माणसं ड्रायव्हर होत असतील अशी शंका कुणीही काढेल, आणि ती रास्तही आहे. पण १९९९ चा एक प्रयोग आहे, १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या, तर कुणाची चरबी अर्धा किलोसुद्धा वाढली नाही आणि कुणाची चार किलोच्या वर गेली. ज्यांची कमी वाढली त्यांनी वेगळा व्यायाम केला नव्हता, त्यांची नुसती हालचाल, चुळबूळ, ऊठबस आपोआप वाढली होती.

म्हणून जिम सोडू नका, हार्टसाठी ती चांगलीच आहे, पण बाकीच्या सहा दिवसांचं बघा. फोन आला की उठून चालत बोला, पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवा म्हणजे भरायला उठावं लागेल, दोन-तीन मजल्यांना लिफ्ट नको. आणि मीटिंगमधला चहा-कॉफी मोजा बरं का, दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे नुसत्या साखरेच्याच सव्वाशे-दीडशे कॅलरी, आणि ते खाण्यात कुणी धरतच नाही. वजन एकदम वाढलं असेल, थकवा-सूज असेल किंवा स्टेरॉइडसारखं एखादं औषध नवीन सुरू झालं असेल तर मात्र आधी डॉक्टर, थायरॉइड तपासून घ्या.

प्रश्न: डाएट नीट पाळते पण रात्री काम संपवून झोपायला दीड-दोन वाजतात, सहाला उठायचं. दुपारी चारला गोड खायची इतकी हाव सुटते की कंट्रोलच होत नाही. माझी विल पॉवरच कमी आहे का?

उत्तर: विल पॉवरला दोष देऊ नका हो. २००४ मध्ये तरुण पुरुषांवर छोटा प्रयोग झाला होता, दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं तर पोट भरल्याचा सिग्नल देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ जास्त करून गोड नि पिठूळ पदार्थांकडेच होती. तुमचं तर हे रोजचं आहे. सध्या डाएटमध्ये अजून कपात करू नका, आधी झोप रोज अर्धा तास अलीकडे आणा, आणि चारच्या आधीच, साडेतीनला वगैरे, काहीतरी प्रोटीनवालं पोटात जाऊ द्या. दोन-तीन आठवड्यांनी कळवा काय फरक पडतोय.