अल्फात जसं इन्स्टॉल केलं तसं बीटात का होत नाही? दर वेळी नव्याने टाकावं लागतं का?

वहीत पायऱ्या लिहून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची अल्फा (सुरुवातीची कच्ची चाचणी आवृत्ती) नीट टाकली, बीटाला (त्यानंतरच्या, जरा पक्क्या चाचणी आवृत्तीला) मात्र मधेच भलताच प्रश्न आला, चुकलं कुठं, असं तुम्ही विचारलंय. तुमचं काही चुकलं नाही. वही जुनी झाली, एवढंच.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन कामांचं दुकान चालवतो. सातबारा, पीक विमा, पोरांचे फॉर्म. एक जुना लॅपटॉप प्रयोगाला ठेवलाय. त्याच्यावर डेबियन १२ च्या (डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार) चाचणी आवृत्त्या टाकून पाहिल्या, त्याचंच सांगतो.

इन्स्टॉलरची (सिस्टिम टाकून देणाऱ्या प्रोग्रामची) 'अल्फा १' ही आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये आली. माझ्या लॅपटॉपचं वायफाय इंटेलचं. ते चालायला फर्मवेअरची फाइल (वायफायच्या चिपला चालवणारा छोटा प्रोग्राम) लागते, आणि ती मुक्त सॉफ्टवेअर नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत इमेजमध्ये, म्हणजे इन्स्टॉलसाठी उतरवायच्या फाइलमध्ये, तेव्हा नसायची. इन्स्टॉलर थांबून म्हणाला, फर्मवेअर पेनड्राइव्हवर आणून द्या. आता गावात ते कुठून आणू? शेवटी मोबाइल यूएसबी वायरने जोडला आणि टिथरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं. इन्स्टॉलरला ते वायरचं नेटवर्कच वाटतं, त्यामुळे काम पुढे सरकलं. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: आधी मोबाइल जोडणे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांच्या मतदानाचा निकाल लागला आणि असं फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच द्यायचं ठरलं. फेब्रुवारी २०२३ च्या अल्फा २ मध्ये ते आलंही. फर्मवेअरचा प्रश्नच नाही, सरळ वायफायची यादी समोर. माझ्या वहीतली सगळ्यात कष्टाने कमावलेली पायरी बाद! बदल्यात इमेज मात्र फुगली. डेबियन ११ ची नेटइन्स्ट (बाकीचं नेटवरून उतरवून घेणारी छोटी) इमेज ४०० एमबीच्या आत होती, १२ ची ६०० च्या वर गेली. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर जगणाऱ्याला हा फरक कळतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. डेबियनच्या बाबतीत दर वेळी नव्याने टाकायची गरज नसते. अल्फा १ ने टाकलेली मशीन नुसती अपडेट करत राहिलो, आणि १० जून २०२३ ला डेबियन १२ जाहीर झालं तेव्हा तीच मशीन १२ झालेली होती. एक गोष्ट सोडून. फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' नावाचा नवा विभाग निघाला होता, पण माझ्या मशीनच्या सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) ती ओळ आपोआप आली नाही. हाताने घालावी लागली. पॅकेजं, म्हणजे मशीनवरचे प्रोग्राम, अपडेट होतात. इन्स्टॉलरने त्या दिवशी जे ठरवलं ते तसंच राहतं. पार्टिशन (डिस्कचे भाग), एन्क्रिप्शन (डिस्कला पासवर्डचं कुलूप), बूट कसं होणार, पॅकेजं कुठून येणार, हे सगळं त्यातच आलं. बीटात यातलं काही बदललंय का, एवढंच पाहा. नसेल तर अपडेट करा आणि सोडून द्या.

अल्फामध्ये भर घालणं चालूच असतं. पुढे कधीतरी फ्रीझ लागतो, म्हणजे नवीन काही घ्यायचं नाही, आहे ते दुरुस्त करायचं. स्क्रीनवरची वाक्यंही गोठवतात, नाहीतर भाषांतर करणाऱ्यांनी कशावर काम करायचं? डेबियनच्या ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येते. चाचणीत सगळे प्रश्न मराठीत आणि मधेच एक इंग्रजीत दिसला, तर तो बहुधा नुकताच घुसलेला असतो. माझ्यासाठी ही सगळ्यात सोपी खूण.

कधीकधी अख्खा इन्स्टॉलरच बदलतो. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या ६.०६ आवृत्तीच्या चाचणी सीडींना 'फ्लाइट' म्हणायचे. त्याच काळात लाइव्ह सीडीवरूनच (इन्स्टॉल न करता सिस्टिम चालवून पाहायची सीडी) माउसने इन्स्टॉल करायची सोय आली; त्याआधी इन्स्टॉलची सीडी वेगळी असायची आणि तिचा स्क्रीन नुसता अक्षरांचा. एप्रिल २००६ ला यायची ती आवृत्ती जूनमध्ये आली. तेव्हा या सीड्या पोस्टाने फुकट घरपोच यायच्या, आजच्या पोट्ट्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

बूट मेनूचंही (मशीन चालू होताना कुठली सिस्टिम हवी ते विचारणारी यादी) ध्यानात ठेवा. हा मेनू दाखवणाऱ्या ग्रब या प्रोग्राममध्ये २.०६ पासून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम शोधणं मुळात बंद असतं. मग काही लिनक्स टाकल्यावर मेनूत विंडोज दिसत नाही आणि माणूस घाबरतो. विंडोज डिस्कवर जागेवरच असतं. सेटिंगमध्ये ओएस-प्रोबर (दुसरी सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) चालू करून मेनू नव्याने बनवला की दिसतं.

माझी फजिती मात्र वेगळ्याच एका लिनक्सवर झाली, त्याचं नाव सांगत नाही, कारण दोष माझाच. बीटा टाकताना दुकानात गर्दी, लाइट कधी जाईल याचा नेम नाही, मागून एक काका विचारतायत, "काहून गा, झालं का माह्यं काम?" मी अल्फाच्या सवयीने न वाचता एंटर, एंटर करत गेलो. मधे एक प्रश्न वाढला होता, त्यामुळे पुढचा एंटर 'पूर्ण डिस्क वापरा' यावर पडला. पीक विम्याच्या पावत्यांचे स्कॅन त्याच डिस्कवर होते. बरेचसे लोकांच्या मोबाइलवरून परत गोळा केले, सगळे नाही मिळाले.

तेव्हापासून वहीच्या प्रत्येक पानावर वरती आवृत्तीचं नाव आणि इमेजची तारीख लिहितो, आणि पार्टिशनच्या पायरीपुढे काहीच लिहीत नाही. तिथं हात कीबोर्डवरून काढायचा, डिस्क किती जीबीची दाखवतेय ते मोठ्याने वाचायचं, मग पुढे. काका थांबतात पाच मिनिटं.