मंदीत काम आटत नाही, फी आटते

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. मेसेजला मेसेजनं उत्तर द्यायचं माझं वय नाही, शिवाय सांगायचं आहे ते तेवढ्यात मावणारही नाही. मुंबईच्या फर्मनं रुजू व्हायची तारीख आधी तीन महिने पुढे ढकलली आणि आता नुसतंच ‘कळवू’ म्हणतात, हे तुझ्या बाबांकडून आधीच कळलं होतं. बाजारात भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, “वकीलसाहेब, पोरीची पाच वर्षं वाया गेली का?” मी त्यांना चहा पाजला आणि विषय बदलला. तू मात्र नेमकं विचारलंस: “काका, मंदीतही चालेल अशी वकिलीतली लाइन कुठली?”

अशी लाइन नाही. तुझ्या कॉलेजात कुणी तरी सांगितलं असेल की मंदी आली की दिवाळखोरीचं काम वाढतं, तेव्हा एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, जा. ऐकायला बरोबर वाटतं. पण मार्च २०२० आठव. आयबीसी, म्हणजे दिवाळखोरीचा कायदा, लावायची किमान थकबाकी एक लाखावरून थेट एक कोटीवर नेली, आणि जूनमध्ये अध्यादेश काढून २५ मार्चनंतरच्या थकबाकीसाठी ते दारच बंद केलं. आधी सहा महिने, मग वाढवत वाढवत वर्षभर. गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात मोठी मंदी आणि मंदीचा म्हणून जो कायदा, त्याच्याच नव्या अर्जांना कुलूप. त्या काळात फक्त तेवढंच काम करणारी पोरं काय करत होती, ते तू आता मुंबईत ओळखीच्यांना विचारू शकतेस.

मी शिकलो ते आमच्या इचलकरंजीत. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा इथल्या चहाच्या टपरीवर कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत मात्र कापडाचे पैसे दोन महिन्यांऐवजी चार महिन्यांनी यायला लागले, मग नुसते चेक यायला लागले आणि मग ते चेक परत यायला लागले. माझ्या टेबलावर बँकेच्या रिटर्न मेमोंचा, म्हणजे चेक परत आल्याच्या चिठ्ठ्यांचा, ढीग लागला. चेक न वटल्याच्या, कलम १३८ च्या इतक्या नोटिसा मी आयुष्यात काढल्या नव्हत्या. पण त्याच वर्षी मुलाची फी भरायला बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. ज्याचा चेक परत आला, त्याच्याकडे वकिलाला द्यायला कुठून येणार? मंदीत काम आटत नाही गं, फी आटते. तुला सोय करायची आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.

त्या ढिगातलाच एक चेक. एका सूतवाल्या पक्षकाराचा, एक लाख ऐंशी हजारांचा. देणारा आठ मागांचा यंत्रमागधारक. मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, हे तुला तोंडपाठ असेल. मलाही होतं. मी ती बत्तिसाव्या दिवशी टाकली. कारण काही नाही, फाइल दुसऱ्या फायलीखाली गेली होती. चेक पुन्हा भरावा म्हटलं तर त्याची मुदतही उलटली होती (तेव्हा सहा महिने असायची, आता तीन). फौजदारी दार बंद. पक्षकाराला समोर बसवून सांगितलं की चूक माझी आहे. तो काही बोलला नाही. चहाही न पिता उठून गेला.

त्या रात्री लक्षात आलं, की १३८ गेलं म्हणून पैसे बुडाले असं होत नाही. दिवाणी मुदत तीन वर्षांची. कोर्ट फी माझ्या खिशातून भरली आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी, म्हणजे झटपट चालणारा, दावा लावला. हुकूमनामा झाला. पेढेही वाटले. मग दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, घातली आणि कोर्टाच्या बेलिफाला घेऊन मागाच्या शेडवर गेलो, तर माग आठच्या आठ बँकेकडे तारण. घर वडिलांच्या नावावर. त्याच्या बायकोनं आम्हा दोघांना पाणी दिलं, बेलिफानं पंचनामा लिहिला आणि आम्ही रिकाम्या हातानं निघालो. जाता जाता शेडच्या कोपऱ्यात बिमांवर (ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळांवर) अडकवलेल्या चिठ्ठ्या दिसल्या. त्यांच्यावर एका व्यापाऱ्याचं नाव होतं. म्हणजे हा गडी आता स्वतःचं कापड विणत नव्हता, खर्चीवाला झाला होता, त्या व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देत होता. मजुरी आहे म्हणजे कुणी तरी ती देणं लागतो! देणेकऱ्याला तिसऱ्याकडून येणारे पैसे कोर्टात भरायला लावणारा ऑर्डर २१ रूल ४६-ए वाचायला मला त्या चिठ्ठ्यांनी लावलं. व्यापाऱ्याला नोटीस काढली, त्यानं देणं कबूल केलं आणि हप्त्याहप्त्यानं कोर्टात भरलं. चौथं वर्ष उजाडलं होतं. फी मी घेतली नाही, घेण्यासारखी नव्हतीच. तो सूतवाला अजून माझ्याकडे येतो, गेल्या महिन्यात बहिणीच्या वाटपाचा दावा घेऊन आला.

दरखास्तीचं काम कुणाला आवडत नाही. त्यात युक्तिवाद नाही, इंग्रजी नाही, पेपरात नाव येत नाही. नाझराच्या, म्हणजे कोर्टाचं जप्ती-वसुलीचं काम बघणाऱ्याच्या, टेबलाशी उभं राहायचं, तलाठ्याकडून सातबारा काढायचा, कुणाची जमीन कुठे नि कुणाच्या नावावर ते हुडकायचं. पण पैसा नसतो तेव्हा लोकांना हुकूमनाम्याचा कागद नको असतो, वसुली हवी असते. ती करून देणारे वकील प्रत्येक कोर्टात दोन-चारच निघतात आणि त्यांना तारखांची ददात नसते. दावा लावायच्या आधीच पक्षकाराला विचार, समोरच्याकडे आहे काय? मालमत्ता विकून मोकळा व्हायच्या बेतात असेल तर ऑर्डर ३८ रूल ५ खाली निकालाआधीच जप्ती मागता येते. कोर्ट ती सहजासहजी देत नाही, कागद पक्के लागतात. आणि येणेकरी छोटा उद्योजक असेल तर त्याची उद्यम (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी व्यवहाराच्या आधीची आहे का ते बघ. असेल तर पंचेचाळीस दिवसांवर थकलेल्या पैशावर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. खूप जणांना हे माहीतच नसतं.

आता माझी दुसरी चूक सांगतो, ती पहिलीपेक्षा मोठी. १३८ च्या धसक्यानं मी ‘स्थिर’ काम शोधलं. एका पतसंस्थेच्या पॅनेलवर गेलो. सहकार कायद्याच्या कलम १०१ चे, थकबाकीदारांवरचे वसुली दाखले, गठ्ठ्यानं. दर महिन्याला बिल, दर महिन्याला चेक. रुपयातले साठ पैसे तिथून यायला लागल्यावर मी बाकीच्यांना तारखा देऊन टाळायला लागलो. एके सकाळी संस्थेवर प्रशासक आला. माझी चौदा महिन्यांची बिलं अडकली होती. होय, चौदा, कारण संचालक ओळखीचे, मागायला लाज वाटायची. वर माझी ठेवही तिथेच. ज्यांच्या विरुद्ध दाखले काढले, त्यांच्यातलेच काही ठेवीदारांच्या रांगेत माझ्या पुढे उभे होते. एकानं हसून मला पुढे घेतलं. ते हसणं मी विसरलो नाही.

मुंबईची तुझी फर्म मला त्या पतसंस्थेसारखीच वाटते, फक्त काच जास्त. फर्म वाईट असते असं नाही. उद्या त्यांनी बोलावलं तर जरूर जा, तिथलं ड्राफ्टिंग आम्हाला सात जन्मात जमणार नाही. पण एकाच्याच खिशावर जगायचं तर तो खिसा कधी शिवला जाईल, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आपल्याकडे शेतकरी खरिपाबरोबर रब्बीचाही विचार करतो. तसं कामाची जोडी लाव. बँक घे. बाजार तेजीत असला की ती कर्जं देते आणि तुला तारण मालमत्तेची मालकी तपासणारे तीस वर्षांचे सर्च रिपोर्ट मिळतात. बाजार बसला की तीच बँक तारण ताब्यात घ्यायच्या सरफेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस काढते आणि ताब्याच्या अर्जासाठी कलेक्टर कचेरीत तुला पाठवते. एकच पक्षकार, दोन हंगाम. घरांच्या धंद्यातही तेच, तेजीत करारनामे आणि मंदीत महारेराकडे, म्हणजे घरबांधणीच्या नियामकाकडे, परताव्याच्या तक्रारी. मात्र ज्या बिल्डरचा करारनामा केलास, त्याच्याच स्कीममधल्या फ्लॅटवाल्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही, कितीही अडचण असो. तेजी-मंदी बघत नाहीत अशी कामं म्हणजे वाटप, वारस, पोटगी, अपघात. नोकरी गेली की पोटगी कमी करून मागणारा नवराही येतो आणि ती थकली म्हणून बायकोही येते. यातलं थोडं तरी हाताशी ठेव. फी लहान असते, पण रोख असते.

फीचं एकदा स्पष्ट लिहितो, कारण हे कॉलेजात शिकवत नाहीत आणि सीनियर लाजेनं सांगत नाहीत. फी टप्प्यानं ठरव: वकीलपत्रावर थोडी, समोरच्याची कैफियत (लेखी उत्तर) आल्यावर थोडी, पुराव्याला, युक्तिवादाला. पक्षकाराची ऐपत घटली तर टप्पा लहान कर, पण शून्य करू नकोस. फुकट काम करायचं तर विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाल, तिथे थोडं मानधनही मिळतं. ‘जिंकलो तर इतके टक्के’ असा सौदा बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, आजूबाजूला कितीही दिसला तरी. आणि फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवायचे नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच ते बंद केलंय. म्हणजे थकबाकी वसूल करायचं वकिलाच्या हातात फारसं काही नाही. ती थकूच द्यायची नाही, एवढंच. ऑफिस भाड्यानं घेऊ नकोस, गाडी घेऊ नकोस, एसी तर नकोच. मी २०१२ मध्ये केबिन सजवली होती, त्याचा हप्ता पतसंस्था बुडाल्यावरही चालूच होता.

तुझ्या बाजूनं एक गोष्ट आहे, जी आम्हाला तुझ्या वयात नव्हती. १ जुलै २०२४ ला फौजदारीचे तिन्ही कायदे बदलले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या चारही संहिता लागू झाल्या. तीस वर्षं पाठ केलेली कलमं आमच्या डोक्यातून पुसून टाकायची आहेत, तुझी पाटी कोरी आहे. आमच्या बार रूममध्ये व्हॉट्सॲपचा पुरावा दाखल करायचा असला की भले भले इकडेतिकडे बघतात. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार नाही हे दाखवणारी खूण) लिहावी लागते, ती काढायची कशी हे मी एका ज्युनियरकडून शिकलो. आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय. आधी अपील म्हटलं की फाइल मुंबईच्या वकिलाकडे जायची आणि त्या कामाची फीही तिच्याबरोबरच जायची. आता इथून तासाभरात पोचता येतं. सहा जिल्ह्यांचं काम तिथे येतं आणि खालच्या कोर्टातला पुरावा ज्यानं स्वतः नोंदवलाय, तोच वरही उभा राहू शकतो.

तेव्हा फर्मचं पत्र येईपर्यंत घरी बसू नकोस. वकिलीची सनद घेतली नसशील तर आधी ती घे, बारची परीक्षाही देऊन टाक. ज्युनियरला गावाकडे महिन्याला पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये केली आहे. सक्ती नाही, त्यामुळे कुणी देत नाही. मी देईन, दर महिन्याच्या पाच तारखेला. रक्कम थकली तर लाजायचं नाही, मागायची.

येत्या सोमवारी एक दरखास्त लागली आहे. देणेकऱ्याचं आधी चालू असलेलं गोडाऊन बंद आहे आणि माल कुठे हलवलाय ते कुणी सांगत नाही. मला गुडघ्यामुळे आता फार फिरवत नाही. साडेदहाला बार रूमच्या दारात ये, चप्पल चालायच्या कामाची घाल.

तुझा,
काका