उपसर्ग ओळखून अर्थ लावताना

उपसर्ग, म्हणजे शब्दाच्या आधी जोडला जाऊन अर्थ बदलणारा भाग, ओळखून शब्दांचा अर्थ लावायला तुम्ही शिकू लागलात, सुरुवात छान केलीत. फक्त बाविसच्या बावीस संस्कृत उपसर्ग आधी घोकू नका. प्र, वि, सम्, अप, अनु, उप एवढे पुरेत. जोडीला फारसीतून आलेले बे, गैर, ना (बेजबाबदार, गैरहजर, नापसंत) घ्या. ते लगेच कळतात.

मग एकच धातू (क्रियापदाचं मूळ रूप) धरून बसा. 'हृ' म्हणजे नेणे, हरण करणे. 'अप' म्हणजे दूर. म्हणून अपहार म्हणजे दुसऱ्याचा पैसा लांबवणे. पुढे प्रहार, संहार, परिहार असेच उलगडून पाहा. प्रत्येकाची फोड सरळ लागणार नाही, पण शब्द डोक्यात पक्के बसतात.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोन. दिसेल तिथे उपसर्ग तोडणे: 'विहीर'मध्ये 'वि' उपसर्ग नाही, 'परात'मध्ये 'परा' नाही, ती तर पोर्तुगीजमधून आलेली. दुसरी, उपसर्गाला एकच अर्थ चिकटवणे. 'वियोग'मधला 'वि' ताटातूट सांगतो, 'विज्ञान'मधला विशेषपणा.

म्हणून आधी अंदाज करा, तो वाक्यात बसतो का बघा आणि मगच शब्दकोश उघडा. हा क्रम मात्र सोडू नका. संधीचे (शब्द जुळताना अक्षरं बदलण्याचे) नियम सध्या राहू द्या. हे अंगवळणी पडलं की विचारा, नक्की सांगेन.